डोक्यावरचा आघात आणि पंचाचा निकाल

ऑगस्ट महिना सरत आला की अमेरिकेतील विद्यापीठांच्या नगरांमध्ये एक निराळेच चैतन्य संचारते. ॲन आर्बर, कोलंबस, ऑस्टिन, बॅटन रूज ही नावे आपल्याकडील पुष्कळ घरांना ठाऊक झाली ती तेथे उच्च शिक्षणासाठी गेलेल्या मुलामुलींमुळे. परंतु त्या देशातील सामान्य माणसाच्या मनात ही नावे प्रथम जागी होतात ती तेथील फुटबॉलच्या संघांमुळे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या श्रमिक दिनाच्या सुट्टीच्या आगेमागे महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, आणि मिशिगन किंवा ओहायो स्टेट यांच्या क्रीडांगणांत एका दुपारी लाखाहून अधिक माणसे एकत्र जमतात. आजोबा ज्या विद्यापीठात शिकले त्याच्याच रंगाचा सदरा नातू घालतो, आणि कुलाचारासारखी ही निष्ठा एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा, पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर अकरा अकरा खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते, तेवढे साधले तर त्याला नवे चार प्रयत्न मिळतात, आणि असे सरकत सरकत प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण पदरात पडतात. चेंडू हातात धरून धावावा किंवा दूरच्या सहकाऱ्याकडे फेकावा. त्याला अडवावयाचे ते मात्र अंगावर झेप घेऊन, धडक देऊन, जमिनीवर पाडूनच. अंगाला अंग भिडणे हा या खेळात अपघात नसून त्याचा पायाच आहे, आणि म्हणूनच कोणती धडक रास्त व कोणती गुन्ह्यास पात्र, हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासून त्याच्या मानगुटीवर बसलेला आहे.

हंगामाच्या पहिल्या आठवड्याला एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला अवघे बारा सामने येतात. २०१४ ते २०२३ या काळात अंतिम विजेतेपदाच्या स्पर्धेत फक्त चार संघांना प्रवेश होता, त्यामुळे आरंभीच्या एका पराभवाने वर्षभराच्या आशेवर पाणी पडण्याचा संभव असे. २०२४ पासून बारा संघांना प्रवेश मिळू लागला आणि हे भय काहीसे ओसरले, तरी पहिल्या सामन्याची धग कमी झालेली नाही. १ सप्टेंबर २००७ रोजी ॲपलाचियन स्टेट या लहानशा, खालच्या श्रेणीतल्या संघाने पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्याच्याच मैदानावर ३४–३२ असे हरविले, त्या दिवसाची आठवण त्या देशात अजून ताजी आहे. २०२५ च्या हंगामाच्या आरंभी गतविजेत्या ओहायो स्टेटने पहिले मानांकन घेऊन आलेल्या टेक्ससला १४–७ असे रोखले, आणि त्याच दिवशी फ्लोरिडा स्टेटने अलाबामासारख्या बलाढ्य संघाला ३१–१७ असे नमविले. असे निकाल लागले की आठवडाभर उपाहारगृहांत, कचेऱ्यांत आणि घरोघरच्या जेवणाच्या मेजांवर दुसरा विषय नसतो.

या चर्चेत गुणफलकाच्या खालोखाल जो विषय हटकून निघतो तो म्हणजे पंचांनी लावलेल्या, अथवा न लावलेल्या, एका विशिष्ट गुन्ह्याचा. त्याला तेथे ‘टार्गेटिंग’ म्हणतात. हेल्मेटच्या माथ्याने प्रतिस्पर्ध्यावर जोराचा आघात करणे, किंवा जो खेळाडू त्या क्षणी स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे त्याच्या डोक्यावर अगर मानेवर हेल्मेट, खांदा, कोपर वा मूठ यांपैकी कशानेही जोरदार आघात करणे, असे या गुन्ह्याचे दोन प्रकार आहेत. चेंडू फेकण्याच्या क्रियेत गुंतलेला, चेंडू झेलण्यासाठी हवेत उंचावलेला, झेल पूर्ण होऊनही सावरण्यास अवधी न मिळालेला, जमिनीवर पडलेला, असे खेळाडू नियमाच्या दृष्टीने असहाय ठरतात. शिक्षाही तशीच कडक आहे: संघाला पंधरा यार्डांचा दंड आणि गुन्हेगार खेळाडूची सामन्यातून हकालपट्टी. २०१३ साली हा हकालपट्टीचा दंडक घातला गेला तेव्हा असेही ठरले की, गुन्हा उत्तरार्धात घडला असेल तर त्या खेळाडूने पुढच्या सामन्याच्या पूर्वार्धासही मुकावे. म्हणजे पहिल्या आठवड्यातील एका क्षणाची किंमत दुसऱ्या आठवड्यातही मोजावी लागावी, अशी ती तजवीज होती.

एवढा कठोर नियम करण्याची पाळी का आली, याचे उत्तर इतिहासात आहे. महाविद्यालयांतील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. पुढील तीन दशकांत या खेळाने जे रूप धारण केले ते युद्धाच्या जवळ जाणारे होते: खेळाडू एकमेकांना बिलगून पाचरीच्या आकाराची फळी रचीत आणि ती फळी वेगाने प्रतिपक्षावर आदळीत. १९०५ च्या हंगामात निदान १८ खेळाडू मृत्यू पावल्याचे वृत्तपत्रांनी छापले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याविषयी बजावले. पुढच्याच महिन्यात युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर हा खेळाडू न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात प्राणास मुकला. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला. आणि त्या डिसेंबरात ६२ संस्थांनी एकत्र येऊन जी संघटना स्थापिली तिलाच १९१० पासून एन.सी.ए.ए. हे नाव मिळाले. महाविद्यालयीन खेळांवर आज जिचा अंमल चालतो ती ही संस्था अशा रीतीने तरुणांच्या मृत्यूंच्या चिंतेतून जन्मास आली. चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ साली मिळाली तीही याच हेतूने, की खेळाडू एका जागी गर्दी करून एकमेकांना चिरडण्याऐवजी मैदानभर विखुरले जावेत.

पुढे हेल्मेट आले, आणि १९३९ साली महाविद्यालयांत ते सक्तीचे झाले. कवटी फुटण्यापासून त्याने पुष्कळांना वाचविले यात संशय नाही. परंतु ते जसजसे कठीण व भक्कम होत गेले तसतसा खेळाडूंना आपले डोके अभेद्य असल्याचा भास होऊ लागला, आणि ज्या डोक्याचे रक्षण करावयाचे तेच डोके पुढे करून भाल्यासारखे खुपसण्याची रीत पडली. १९६८ साली शाळा-महाविद्यालयांपासून व्यावसायिक संघांपर्यंत सर्व स्तर मिळून ३६ खेळाडू मैदानावरील आघाताने दगावले. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी मानेच्या इजांचा अभ्यास करून दाखवून दिले की, डोके खाली घालून माथ्याने धडक दिली म्हणजे मानेतील मणक्यांचा कणा सरळ रेषेत येतो आणि आघाताचा सारा भार त्याच्यावर पडून तो मोडतो. १९७६ साली डोक्याने धडक देण्यास बंदी झाली. त्या एका हंगामात मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडलेले ३४ खेळाडू टॉर्ग यांच्या नोंदीत होते. पुढच्याच वर्षी ही संख्या १८ वर आली. १९९० साल तर असे उजाडले की त्या वर्षी मैदानावरील आघाताने एकही मृत्यू झाला नाही. नियमाने माणसे वाचतात, ही गोष्ट या आकड्यांइतकी स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाली असेल.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण प्रेक्षकांच्या वादात ती बहुधा हरवून जाते. अशा धडकेत ज्याला धडक बसते त्याच्याइतकाच, किंबहुना पुष्कळदा त्याहून अधिक, धोका धडक देणाऱ्याला असतो. २८ ऑक्टोबर १९८९ रोजी मिसिसिपी विद्यापीठाचा चकी मलिन्स हा वीस वर्षांचा खेळाडू व्हँडरबिल्टच्या ब्रॅड गेन्स याला अडविण्यासाठी झेपावला, त्याचे हेल्मेट गेन्सच्या पाठीवर आदळले आणि त्या क्षणी मलिन्सची मान मोडली. तो पुन्हा चालू शकला नाही, आणि मे १९९१ मध्ये त्याचे निधन झाले. ज्याच्या पाठीवर तो आदळला होता तो गेन्स कोणत्याही दोषाचा धनी नसतानाही, त्यानंतर वर्षानुवर्षे नेमाने मलिन्सच्या समाधीवर जात राहिला. १६ ऑक्टोबर २०१० रोजी रटगर्सचा एरिक लग्रँड असाच एका धडकेत मानेखाली लुळा पडला; तोही धडक देणाराच होता. ज्या विद्यापीठाच्या मैदानावर १८६९ साली हा खेळ प्रथम खेळला गेला, त्याच विद्यापीठाच्या खेळाडूवर हा प्रसंग यावा आणि त्या न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबांचीही मोठी वस्ती असावी, यामुळे ही हकीकत आपल्याला अगदीच परकी वाटू नये.

मानेच्या इजेखेरीज मेंदूची इजा हा आणखी गंभीर विषय आहे. हेल्मेट कवटी सांभाळते. परंतु कवटीच्या आत तरंगणारा मेंदू आघाताने हिसका बसून आतल्या आत आदळतो, त्याला ते थोपवू शकत नाही. २०१७ साली बोस्टन विद्यापीठाच्या डॉ. ॲन मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत फुटबॉलपटूंच्या दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन स्तरापर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी जडणाऱ्या ऱ्हासरोगाची चिन्हे आढळली. ज्यांच्या वर्तनात वा स्मृतीत बिघाड दिसला अशांच्याच कुटुंबांनी मुख्यतः हे मेंदू दिले असल्याने सर्व खेळाडूंना हे प्रमाण लागू करता येत नाही, हे संशोधकांनीच सांगितले आहे. तरीही विद्येसाठी ज्या संस्था उभ्या आहेत त्यांच्या आश्रयाने विद्यार्थ्यांचे मेंदू निकामी व्हावेत, ही कल्पना कोणाही विचारी माणसाची झोप उडविणारी आहे.

असे असूनही टार्गेटिंगचा हा नियम लावला गेला की क्रीडांगण संतापाने का दणाणते? त्याचे एक कारण नियमाच्या अंमलबजावणीतच दडलेले आहे. मैदानावरील पंचांना अशी ताकीद आहे की शंका असेल तर गुन्हा धरावा. कारण जीविताचा प्रश्न असता चूक व्हावयाचीच तर ती सुरक्षिततेच्या बाजूने व्हावी. त्यानंतर प्रत्येक प्रकरण चित्रफीत पाहणाऱ्या पंचाकडे जाते, ज्याचे काम क्रिकेटमधील तिसऱ्या पंचासारखे असते. त्याला मात्र २०१९ पासून नेमका उलटा हुकूम आहे: गुन्ह्याचा प्रत्येक घटक चित्रात निर्विवाद दिसला पाहिजे, एकही घटक संशयास्पद राहिला तर शिक्षा रद्द करावी. आघात माथ्याने झाला काय, तो जोराचा होता काय, खेळाडू असहाय होता काय, झेप घेणे, डोके खाली घालणे, खालून वर उसळी मारणे यांसारखे लक्ष्य करण्याचे एखादे लक्षण दिसले काय, हे सारे तपासावे लागते. साहजिकच मैदानावर गुन्हा दर्शविणारे पंचाचे निशाण पडते आणि काही मिनिटांनी ते मागे घेतले जाते. दोन्ही पंच आपापल्या कर्तव्याला चोख असतात. पण प्रेक्षकाला दोन विरुद्ध कसोट्यांची खबर नसल्याने त्याला त्यात केवळ लहर दिसते.

या निकालांवर मोठमोठे सामने फिरले आहेत. २८ डिसेंबर २०१९ च्या उपांत्य सामन्यात ओहायो स्टेट १६–० असा आघाडीवर असता त्याच्या शॉन वेडने क्लेमसनच्या ट्रेव्हर लॉरेन्सला पाडले. चित्रफीत पाहून वेडला बाहेर काढण्यात आले, आणि क्लेमसनने तो सामना २९–२३ असा जिंकला. तीनच वर्षांनी, ३१ डिसेंबर २०२२ रोजी, याच ओहायो स्टेटचा मार्व्हिन हॅरिसन धाकटा हा जॉर्जियाच्या जव्हॉन बुलार्डच्या धडकेने घायाळ होऊन सामन्याबाहेर गेला. मैदानावर दिलेली शिक्षा चित्रफितीनंतर रद्द झाली, आणि ओहायो स्टेट ४२–४१ असा एका गुणाने हरला. १ जानेवारी २०२५ रोजी ॲटलांटा येथे टेक्सस आणि ॲरिझोना स्टेट यांची २४–२४ अशी बरोबरी असता, अवघे मिनिटभर खेळ उरला असताना टेक्ससच्या मायकेल टाफीने मेलक्वान स्टोव्हलला दिलेली धडक चित्रफितीत तपासली गेली आणि गुन्हा नाही असे ठरले. टेक्ससने तो सामना जादा वेळेत ३९–३१ असा जिंकला. ओहायो स्टेटच्याच अनुयायांनी एकदा शिक्षा झाली म्हणून आणि एकदा झाली नाही म्हणून आक्रोश करावा, हे वरकरणी विसंगत वाटेल. परंतु त्यांची खरी फिर्याद शिक्षेविरुद्ध नसून, एका प्रसंगी लावलेले माप दुसऱ्या प्रसंगी का लावले नाही याविषयी आहे, आणि ती फिर्याद ऐकून घेण्यासारखी आहे.

२०१८ साली लुइझियाना स्टेटच्या डेव्हिन व्हाइट याला मिसिसिपी स्टेटविरुद्धच्या सामन्याच्या अखेरीस हीच शिक्षा झाली आणि अलाबामाविरुद्धच्या महत्त्वाच्या सामन्याचा पूर्वार्ध त्याला बाहेर बसून काढावा लागला, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी त्याचा संघ ज्या विद्यापीठगटात खेळे त्या परिषदेचे मुख्य कार्यालय ज्या बर्मिंगहॅम शहरात आहे तेथे त्याच्या मुक्ततेची मागणी करणारे भव्य फलक उभारले. त्या वेळी अशा निकालावर दाद मागण्याची सोयच नव्हती. उत्तरार्धातील शिक्षेविरुद्ध परिषदेमार्फत राष्ट्रीय पंचप्रमुखाकडे अपील करण्याची मुभा २०२२ साली मिळाली. हा नियम जड दगडासारखा एका जागी बसलेला नाही, हेही यावरून दिसेल. २०१३ साली हकालपट्टी रद्द झाली तरी पंधरा यार्डांचा दंड कायम राही. हा उघड अन्याय दुसऱ्याच वर्षी दूर झाला. बाहेर काढलेल्या खेळाडूला सर्वांसमक्ष मैदान सोडून जावे लागे. २०२० पासून त्याला आपल्या संघाजवळ थांबण्याची परवानगी मिळाली.

तरीही वादाचे मूळ उखडले गेलेले नाही, आणि माझ्या मते ते मूळ असे आहे: हा नियम खेळाडूचा हेतू विचारीत नाही, पण शिक्षा मात्र अशी देतो जी लोकांच्या मनात दुष्ट हेतूसाठीच राखलेली असते. झेल घेऊन अजून न सावरलेल्या खेळाडूने शेवटच्या क्षणी मान खाली घातली आणि त्यामुळे अडविणाऱ्याचा खांदा त्याच्या डोक्यावर लागला, तरी शिक्षा होऊ शकते. जाणूनबुजून इजा करण्यासाठी झेपावलेल्यालाही तीच शिक्षा होते. वीस वर्षांच्या मुलाला हजारो लोकांसमोर गुन्हेगारासारखे बाहेर बसविले जाते, आणि त्याचे सहकारी, पालक व चाहते म्हणतात की त्याने मुद्दाम काही केले नव्हते. त्यांचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते.

यावर बरेच प्रशिक्षक आणि समालोचक असा उपाय सुचवितात की, बास्केटबॉलप्रमाणे या गुन्ह्याच्या दोन पायऱ्या कराव्यात. सौम्य गुन्ह्यास केवळ यार्डांचा दंड आणि गंभीर गुन्ह्यास हकालपट्टी. ही दरखास्त मला तत्त्वतः मान्य आहे, पण एका अटीवर. पायऱ्या ठरविताना खेळाडूच्या अंतःकरणात शिरण्याचा प्रयत्न होता कामा नये. १९७६ च्या महाविद्यालयीन नियमात हेतुपुरस्सर हा शब्द होता. परिणाम असा झाला की दुसऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करणे पंचांना अशक्यप्राय वाटले आणि तो नियम क्वचितच लावला गेला. म्हणूनच २००५ साली तो शब्द काढून टाकण्यात आला. इतक्या वर्षांच्या अनुभवाने शिकविलेला हा धडा विसरून हेतूचा प्रश्न पुन्हा दारातून आत घेणे म्हणजे नियमाचे प्राणच काढून घेणे होय. डोके खाली घातले की नाही, पाय जमिनीवरून सुटले की नाही, आघात टाळण्यास अवकाश होता की नाही, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कृतींवरच पायरी ठरावी.

दुसरी गोष्ट पंचांविषयी. हे पंच परिषदांनी नेमलेले असतात, त्यांपैकी बहुतेकांचा उदरनिर्वाह दुसऱ्याच व्यवसायावर चालतो, आणि क्षणार्धात घडलेल्या धडकेवर त्यांना तत्काळ निर्णय द्यावा लागतो. त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करणे सोपे आहे. पण आरोपाला जागाच उरू नये अशी व्यवस्था करणे परिषदांच्या हातात आहे. प्रत्येक महत्त्वाच्या निकालानंतर कोणता घटक दिसला आणि कोणता दिसला नाही याचा चार ओळींचा खुलासा जाहीर केला, तर पहिल्या आठवड्यातच प्रेक्षकांना यंदाचे माप कळेल आणि पुढील तीन महिने ते त्याच मापाने निकाल तोलू शकतील. न्यायाची कारणे सांगितली म्हणजे हरलेला पक्षही तो निकाल सोसू शकतो. कारणांवाचून दिलेला हुकूम, तो बरोबर असला तरी, मनात किल्मिष ठेवतो.

आणि अखेरचे आवाहन प्रेक्षकांना. आपल्या संघाचा खेळाडू बाहेर काढला गेल्याचे दुःख स्वाभाविक आहे, आणि निकालात विसंगती दिसली तर तिच्याविरुद्ध आवाज उठविणे हा त्यांचा हक्क आहे. परंतु पंच चुकतो म्हणून नियमच सैल करा, पूर्वीसारखे मर्दानी खेळ होऊ द्या, ही मागणी त्यांनी करू नये. गमावलेले पंधरा यार्ड पुढच्या प्रयत्नात परत मिळविता येतात, हरलेला सामना पुढच्या हंगामात जिंकता येतो. मोडलेली मान आणि क्षीण झालेला मेंदू कोणत्याही हंगामात परत मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या खेळाला नियमांत सुधारणा हवी, पंचांना उत्तम शिक्षण हवे, निकालांना कारणे हवीत; पण डोक्यावरच्या आघाताला त्या मैदानावर जागा नको, आणि या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी एकमत ठेवलेच पाहिजे.